भट्टीतून निघालेला निळा

जुलै लागला की अल नहदाच्या आमच्या फ्लॅटमधलं बाल्कनीचं दार उघडताक्षणी चष्म्यावर वाफ धरते. समोरचे टॉवर, खाली दुबईच्या दिशेनं रखडलेल्या गाड्या, सगळं पांढरं होऊन जातं. मी ओढणीनं काचा पुसते आणि मनाशी म्हणते, आला कैझ. इथले जुने लोक उन्हाळ्याला कैझ म्हणायचे. नुसत्या उन्हाचा नव्हे, खजूर पिकायचा मोसम. आता हा शब्द माझ्या तोंडून ऐकला की घरातली पोरं हसतात.

परवा माझा मुलगा इक्बाल कामावरून परतताना रास अल खैमाच्या रस्त्यावरून रुतबची पेटी घेऊन आला. रुतब म्हणजे अर्धवट पिकलेली खजूर. एका टोकाला पिवळी, कुरकुरीत, दुसऱ्या टोकाला मधासारखी विरघळलेली. मी एक तोंडात टाकली तोच नात सना आपलं पार्सल घेऊन टेबलापाशी आली. लग्नानंतर ती अल कुसैसला राहायला जाणार आहे, त्या घरासाठी तिनं इटलीच्या हातानं रंगवलेल्या प्लेट मागवल्या होत्या.

"दादी, लुक. हँडमेड. फ्रॉम इटली."

मी प्लेट हातात घेतली आणि उलटी केली.

"व्हाय आर यू लुकिंग अ‍ॅट द बॅक?"

मागच्या बाजूला, पांढऱ्या लुकणावर, म्हणजे वरच्या काचेरी थरावर, भट्टीत ती जिथं टेकली होती तिथले बारीक ओरखडे होते. त्यांच्यावरून मी अंगठा फिरवला. "खरंच हातची आहे," मी म्हटलं.

"तुला कसं कळतं?" या वेळी ती मराठीत विचारती झाली.

"मी एकदा रंगवली होती. इथंच. तुझ्या पप्पांच्या जन्माआधी."

ती आधी हसली, मग माझ्या तोंडाकडे पाहून खुर्ची ओढून बसली.

तो साठ ते सत्तरच्या मधला काळ. हा देश अजून देश झाला नव्हता. रास अल खैमा म्हणजे खाडीकाठचं गाव. प्रवाळाच्या दगडांची थोडी घरं, बाकी सगळी झावळ्यांची, आणि मागे डोंगर इतके जवळ की संध्याकाळी त्यांची सावली आमच्या अंगणात येतेय असं वाटायचं. मी जयगडच्या खाडीकाठची. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, लग्न होऊन नुकतीच आलेली. माझे यजमान यूसुफ एका अरब व्यापाऱ्याकडे मुनशी होते. शेठच्या दगडी घरात खालच्या दोन खोल्या आम्हाला दिलेल्या. वरचा मजला शेठनं तेल शोधायला आलेल्या कंपनीच्या एका इटालियन माणसाला भाड्यानं दिला. तो माणूस, पाओलो त्याचं नाव, महिनोन् महिने वाळवंटातल्या तळावर असायचा. त्याची बायको मागाहून आली.

ती आली ते मी गच्चीवरून पाहिलं. लाँच खाडीबाहेर उभी राहायची आणि माणसं, सामान होडीतून काठावर यायचं. होडीत एक लाकडी खोका उतरवत होते. लाट आली, होडी सरकली आणि दोर सुटला. बाईनं खोका धरायला हात घातला. तिचं मनगट होडीच्या काठात आणि खोक्यात सापडलं, आणि खोका पाण्यात गेला. ती किंचाळली, मला वाटलं हातासाठी. यूसुफ होडीत होते. ते नंतर म्हणाले, "हाताकडं तिचं लक्षच नव्हतं. ती पाण्यात बघत होती."

खाडीकाठी तेव्हा म्हातारे पाणबुडे बसून असत. मोत्यांचा धंदा बसल्याला जमाना झाला होता. ते जाळी विणत, चिलीम ओढत आणि पाण्याकडे पाहत. यूसुफनी त्यांना सांगितलं, बाईचा खोका बुडालाय. एकानं विचारलं, "आत काय आहे?" यूसुफ म्हणाले, "जेवायच्या थाळ्या." कुणी हसलं नाही. ते उठले, पायाला दगड बांधला, नाकाला चाप लावला आणि उतरले. मोत्यांसाठी उतरत तसेच. खोका खालच्या खडकावर फुटला होता आणि ओहोटी लागली होती. एकेक जण वर येई, मुठीत एकेक तुकडा. सर्वात म्हाताऱ्यानं आपला तुकडा बाईच्या चांगल्या हाताच्या तळव्यावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरून उभा राहिला.

मीही खाली धावले होते. चटईवर ते तुकडे ओले चमकत पडले होते. निळ्या लाटा, मधेच पिवळं लिंबू, एखादं हिरवं पान. मी तोवर चिनी मातीच्या बशा पाहिल्या होत्या, शेठच्या दिवाणखान्यातल्या कोनाड्यांत मांडलेल्या परदेशी थाळ्याही पुसल्या होत्या. पण असा निळा मी कधी पाहिला नव्हता. तो वरून लावलेला वाटत नव्हता. पांढऱ्याच्या आतून वर येतोय असं वाटत होतं. समुद्रातून काढला म्हणून नव्हे. सुकल्यावरही तो तसाच ओला राहिला.

सगळे तुकडे काठाचे होते. थाळीच्या मधला भाग कुणालाच सापडला नाही.

लग्नाआधी पाओलो कराचीकडे नोकरीला होता आणि लग्नानंतर दोघं तिथं राहिली होती, म्हणून त्याच्या बायकोला मोडकी हिंदी येत होती. तिचं नाव जुलियाना. पण पाओलो तिला लोकांसमोर सिन्योरा, म्हणजे बाईसाहेब, म्हणायचा, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो. शेजारच्या अरब बायकांच्या तोंडी त्याचं सनूरा झालं. दुबईच्या डॉक्टरनं तिचा हात प्लास्टरमध्ये घातला. मी तिच्या केसांची वेणी घालायला वर जाऊ लागले, कारण एका हातानं तिला ती जमत नसे.

अशाच एका दुपारी तिनं सांगितलं. तिचं गाव डोंगरावरचं, घरोघरी मातीची भांडी रंगवणारं. त्या थाळ्या तिच्या आईनं तिच्या लग्नासाठी रंगवल्या होत्या. थाळीच्या मधोमध एक पाखरू, मागे वळून पाहणारं, चोचीत काडी. गावात लाटा आणि लिंबं सगळेच काढत. ते पाखरू फक्त तिची आई काढायची. आणि ती इथं आली त्याच हिवाळ्यात आई गेली होती.

"दुसऱ्या कुणाकडं आहे का तशी थाळी?" मी विचारलं.

"नाही. बाकीच्या विकल्या गेल्या. कुठं गेल्या, कोण जाणे." मग तिनं डावा हात कपाळावर ठेवला. "अब सिर्फ इधर है."

प्लास्टर निघालं तेव्हा मनगट जुळलं होतं, पण हात थरथरायचा. तिनं लाल पेटी उघडली. आत कुंचले, रंगांच्या बाटल्या, पांढऱ्या भुकटीचा डबा. तीही चितारीणच होती. आईच्याच हाताखाली शिकलेली. तिनं कागदावर पाखरू काढायचा प्रयत्न केला. मान वळताना रेघ डगमगली. पुन्हा काढलं. पुन्हा डगमगली. तिनं कुंचला धुऊन, नीट पुसून पेटीत ठेवला आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. त्या पाठमोऱ्या बाईकडे पाहताना मला पहिल्यांदा कळलं की माणूस मेल्यावरही त्याचं काहीतरी मागे जिवंत असतं, आणि ते पुन्हा एकदा मरू शकतं.

कैझ लागला. गाव ओस पडायला लागलं. ज्याला जमेल तो खजुरीच्या बागांत राहायला जायचा. गाढवांवर चटया, भांडी, कोंबड्यांच्या टोपल्या. शेठचं कुटुंब निघालं, तसे आम्हीही. आणि सिन्योराला एकटीला वरच्या उकाड्यात कशी ठेवणार, म्हणून तीही. बागेत झावळ्यांच्या झोपड्या होत्या. भिंतींतून वारा यायचा, उजेड पट्ट्यापट्ट्यांनी अंगावर पडायचा. विहिरीचं पाणी पाटानं झाडांकडे जाई. दुपारी सगळीकडे पिकत्या फळांचा गोड, किंचित आंबूस वास भरून राहायचा. माडांच्या गावातून आलेली मी. ती खजुरीची झाडं मला परक्या गावातली नातलग वाटायची. तशीच उंच, पण स्वभावानं कोरडी.

शेठच्या भाचीचं लग्न त्याच बागेत झालं आणि तिच्या हातांवर मेंदी मी काढली. काडीनं. लहानपणापासून गावातल्या प्रत्येक नवरीची मेंदी माझ्याकडेच असे. मी रेघ ओढत होते आणि सिन्योरा माझ्यासमोर मांडी घालून बसून होती. ती काडीच्या टोकाकडे बघत होती. मग म्हणाली, "जैनब, चुकलं तर पुसता येतं?"

"पुसलं तरी डाग राहतो."

"आणि आता हिरवी आहे. लाल कधी होईल?"

"सकाळी धुतली की. कुठली रेघ किती रंगेल ते आत्ता नाही सांगता येत."

तिनं माझा हात हातात घेतला, तळवा वर केला, बोटं पाहिली. "तू रंगवशील," ती म्हणाली. "मी सांगेन, तू रंगवशील."

मी यूसुफना विचारलं. मला दोन गोष्टींची भीती होती. एक तर मी कसली चितारीण. दुसरी म्हणजे पाखरू. जिवाची चित्रं काढू नयेत असं अम्मा म्हणायची. यूसुफनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "भिंतीवर टांगून त्याला सलाम करायचा असता तर गोष्ट वेगळी. हे जेवायच्या थाळीवर आहे. आणि त्या बाईची आई आहे गो त्यात. कर तू."

डोंगराच्या तोंडाशी, खजुरीच्या बागा संपतात तिथं, उबैद नावाचा म्हातारा कुंभार राहायचा. त्याच्या बापजाद्यांपासून तिथं भट्टी होती. पाण्याचे माठ, खजुरीच्या मधाचे रांजण तो करायचा आणि त्याची बायको उम्म राशिद त्यांच्यावर बोटानं तपकिरी रेघा ओढायची. यूसुफ आम्हाला शेठच्या गाडीतून तिथं घेऊन गेले. सिन्योरानं काठाचा तुकडा उबैदसमोर ठेवला. तो बराच वेळ निरखत होता. तुकड्याच्या फुटलेल्या कडेला जीभ लावून पाहिली.

"आत माझ्यासारखीच माती आहे," तो म्हणाला. "लाल. वरचं पांढरं मला माहीत नाही."

"वरचं मला माहीत आहे," सिन्योरा म्हणाली. यूसुफ एकाचं दुसऱ्याला सांगत होते. "आच किती लागते तेही माहीत आहे. पण तुझी भट्टी मला माहीत नाही."

"मग दोघं मिळून बघू," उबैद म्हणाला. "इन्शाल्ला."

सिन्योराची घाई वेगळीच होती. पाओलोच्या विहिरीत तेल लागलं नव्हतं. कंपनी तळ उठवायच्या बेतात होती. खजूर उतरून झाली की ती दोघं जाणार, हे ठरल्यातच जमा होतं.

उबैदनं माती चाळली, भिजवली, उलट्या परातीवर थापून थाळ्या केल्या. काही सुकताना वाकड्या झाल्या, काही पहिल्या भाजणीत तडकल्या. ज्या उरल्या त्या विटेसारख्या लाल, खरबरीत. सिन्योरानं पांढरी भुकटी पाण्यात कालवली आणि डाव्या हातानं एकेक थाळी त्यात बुडवून काढली. बघता बघता त्यांच्यावर साय धरल्यासारखा थर बसला आणि कोरडा झाला. पिठूळ, पांढराशुभ्र. बोट लावलं तरी उमटेल असा.

या कच्च्या पांढऱ्यावर रंगवायचं होतं.

मी कुंचला टेकवला आणि त्या पांढऱ्यानं रंग असा ओढून घेतला की रेघ पुढे सरकलीच नाही. तिथंच ठिपका झाला. तहानलेल्या वाळूवर पाणी सांडावं तसं. सिन्योरा म्हणाली, "ते पितं. थांबलीस की जास्त पितं. श्वास सोड आणि जा." दुसऱ्यांदा गेले तर थर खरवडला. तिनं ती थाळी पाण्यात धुऊन पुन्हा बुडवली, पुन्हा सुकवली. "पियानो, पियानो," ती म्हणायची, म्हणजे सावकाश. उम्म राशिदला तो शब्द इतका आवडला की ती आपल्या शेळ्यांनाही पियानो म्हणू लागली.

आणि तो रंग. मला वाटलं होतं निळ्या काठासाठी निळा रंग असेल. बाटलीतून निघाला काळपट, राखेसारखा. हिरव्याच्या जागी मळकट करडा. पिवळा तेवढा जरा पिवळ्यासारखा. मी विचारलं, "सिन्योरा, निळा कुठाय?"

"हाच."

"हा तर कोळशाचा आहे."

"आग त्याला निळा करील," ती म्हणाली, जणू उद्या सूर्य उगवेल असं सांगावं.

मी काठावरच्या लाटा शिकले, लिंबं शिकले. मेंदीतल्या वेलीसारखीच लाट. एकदा हाताला चाल कळली की ती आपली आपण जाते. पण पाखरू जमेना. ती सांगे, मान अशी, पाठ अशी, शेपूट इतकी. तिच्या थरथरत्या हातानं ती हवेत आकार काढायची. मी काढलेलं पाखरू बघायची आणि मान हलवायची. कधी ते बगळ्यासारखं होई, कधी आमच्या खाडीवरच्या खंड्यासारखं.

"हे तुझ्या गावचं आहे," ती म्हणाली. "माझ्या आईचं नाही."

एकदा ती चिडली. माझ्यावर नव्हे, पण कुंचला माझ्या हातातून घेतला, स्वतः काढायला गेली, आणि पाखराच्या जागी वाकड्यातिकड्या रेघा उमटल्या. मग ती तशीच खाली वाळूत बसली. उम्म राशिद तिच्या शेजारी जाऊन बसली. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती. उम्म राशिदनं तिचं दुखरं मनगट मांडीवर घेतलं आणि कोमट तेल लावून चोळत राहिली.

मला काय सुचलं कोण जाणे. मी म्हटलं, "पाखरू राहू द्या. आई कशी होती ते सांगा."

तिनं सांगितलं. आई ठेंगणी होती. डोक्याला रुमाल बांधायची. उभ्यानंच रंगवायची, बसून नाही, कारण मागे चुलीवर काहीतरी शिजत असायचं. दिवसभर काठ रंगवून झाले की सगळ्या थाळ्या रांगेनं मांडायची आणि मग एकामागून एक पाखरं. ती काढताना गुणगुणायची, पण मान वळवायची वेळ आली की गुणगुणणं थांबायचं. आणि प्रत्येक पाखराची मान वळली की आई स्वतः मागे वळून चुलीकडे बघायची.

मी उठून उभी राहिले. थाळी उबैदच्या झोपडीच्या खांबाजवळच्या ओट्यावर होती. पाठीमागे उम्म राशिदनं चुलीवर भात चढवला होता. त्याच्या उकळीचा आवाज येत होता. माझ्या अम्माचीही तीच तऱ्हा. हातात मासळी, कान चुलीकडे. मी कुंचला भिजवला. काही ठरवलं नाही. पोटाची गोलाई, पाठ, मग मान. आणि मान वळली तेव्हा खरंच मीही वळून भाताकडे पाहिलं. डोळा एका ठिपक्यात. काडी एका रेघेत. श्वास सोडला तेव्हा कळलं की मी तो धरून ठेवला होता.

सिन्योरा पुढे आली. थाळीवर वाकली. उठली आणि खजुरींच्या रांगांतून चालत लांब गेली, आणि बराच वेळ परत आली नाही. उबैद दुरून म्हणाला, "खलास. आता आग."

खजूर उतरून झाली होती. बागाबागांतून सुक्या झावळ्यांचे ढीग होते. उबैदनं गाढवांवरून त्या आणवल्या, बाभळीसारखी झाडं डोंगरात होती त्यांची लाकडं आणवली. आगीच्या जिभा थाळ्यांना लागू नयेत म्हणून दोघांनी मिळून तोड काढली. मोठ्या जाड रांजणांच्या पोटात थाळ्या मातीच्या गोळ्यांवर टेकवून ठेवायच्या आणि वरून झाकण. मातीनं भट्टीचं तोंड लिंपलं. सकाळी उबैदनं बिस्मिल्ला म्हणून आग दिली.

दिवसभर तो आणि सिन्योरा भट्टीच्या भिंतीतल्या एका बोटभर भोकासमोर बसून होते. आतला लाल, मग नारिंगी, मग त्याहून उजळ. ती म्हणे अजून, तो झावळ्या टाकी. तो म्हणे आता माझे रांजण फुटतील, ती थांबे. दोघांचे चेहरे तापून तांबडे झाले होते. मी पाणी नेऊन देत होते. एकदा सिन्योरानं मला बोलावलं आणि भोकातून पाहायला सांगितलं. आत आग दिसत नव्हती. नुसता उजेड होता, स्थिर, आणि त्या उजेडाच्या आत रांजणांच्या कडा जवळजवळ पारदर्शक झाल्यासारख्या. मी तोंडातल्या तोंडात सुभानल्ला म्हटलं. दोझखची, नरकातल्या आगीची, वर्णनं मी खूप ऐकली होती. आगीचं हे दुसरं रूप कुणी सांगितलं नव्हतं.

मग थांबणं. भट्टी आपली आपण निवू द्यायची. उघडायची घाई केली तर सगळं तडकणार. त्या थांबण्यात सिन्योरा बागेत फिरायची, झाडांना हात लावायची. पाओलो तळावरून परत आला होता, सामान बांधत होता. तो मला म्हणाला, "नाही निघाली तरी ती तुला दोष देणार नाही." मी म्हटलं, "मला माहीत आहे."

आज रास अल खैमात सिरॅमिकचे मोठाले कारखाने आहेत. इक्बाल त्या बाजूला जातो तेव्हा कधी मला नेतो. लांबून दिसणारे ते शेड, त्यांतून निघणारे फरशांचे ट्रक. सगळ्या सारख्या, गुळगुळीत, निर्दोष. मला त्यांचा राग नाही. आमच्या बाथरूममध्ये त्याच आहेत. फक्त त्या रस्त्यावरून जाताना माझी मान डोंगराकडे वळते, जिथं आता बहुतेक नुसते दगड असतील, आणि वाटतं, ज्या मातीतून तेव्हा एक थाळी निघावी म्हणून आम्ही सगळे श्वास रोखून बसलो होतो, तीच ही माती.

उबैदनं भट्टीचं तोंड फोडलं. पहिल्या रांजणाचे दोन तुकडे झाले होते, आतल्या थाळ्या एकमेकींना चिकटलेल्या. दुसऱ्यात पांढरं लुकण उकळून फोड आले होते. एका थाळीवरच्या लाटा वाहून जाऊन नुसता निळा ओघळ झाला होता. पण निळा होता तो. मी ती बिघडलेली थाळी उचलली आणि बघत राहिले. माझ्या हातानं लावलेली राख. तीच ही. आग आत काय करते ते कुणी मला आजवर समजावून सांगितलेलं नाही आणि मीही विचारलेलं नाही. काही गोष्टींपुढे माणसानं नुसतं उभं राहावं.

शेवटच्या रांजणात उबैदनं हात घातला. कोपरापर्यंत. चेहऱ्यावर काही दिसू न देता त्यानं ती थाळी बाहेर काढली, आपल्या लुंगीला पुसली आणि सिन्योराला दिली. काठाला एक बारीकशी चीर होती. एका लिंबाचा पिवळा जळून तपकिरी झाला होता. मधोमध पाखरू; निळं, मान वळवून, चोचीत हिरवी काडी. रंग कडेला किंचित पसरला होता, म्हणून ते नुकतंच पाण्यातून उठल्यासारखं दिसत होतं.

"तेच आहे का?" मी विचारलं.

सिन्योरानं पुष्कळ वेळ पाहिलं. "नाही," ती म्हणाली. "आईचं थोडं बारीक होतं. याचं पोट भरलेलं आहे." मग म्हणाली, "पण हे तिचंच आहे. तिची दुसरी मुलगी."

त्यानंतर लवकरच ती गेली. लाँचवर चढताना थाळी तिनं माझ्या ओढणीत गुंडाळून छातीशी धरली होती. खोक्यात टाकायला ती तयार नव्हती. पुन्हा आमची भेट झाली नाही. मी पुढे कधी मातीवर कुंचला टेकवला नाही. मेंदी मात्र हात चालेपर्यंत काढली. उबैद काही वर्षांनी गेला. माझ्याकडे त्या मोसमातलं काहीच नाही, एक फुटका तुकडासुद्धा नाही, आणि मला ते कधी उणं वाटलं नाही. सनानं विचारलं, "तू एक तरी ठेवून का नाही घेतलीस?" ज्यानं ते पाहिलं त्याला ठेवायची गरज राहत नाही, हे त्या वयात कसं पटावं.

पण भट्टी उघडली त्या दुपारचं एक राहिलं.

शेठच्या घरी असती तर ती थाळी कोनाड्यात गेली असती. मी तसं म्हटलंही. सिन्योरानं नकार दिला. ती थाळी धुऊन उम्म राशिदपुढे ठेवून म्हणाली, "खाना." उम्म राशिद दचकली. इतक्या कष्टानं निघालेली एकुलती एक थाळी. तिच्यावर गरम भात वाढायचा? तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. मग तिनं माशाचा पिवळा भात वाढला, पाखराच्या वर, काठाच्या लाटांपर्यंत, अरब वाढतात तसा ढीग. पुरुष भट्टीपाशी दुसऱ्या परातीभोवती बसले. आम्ही तिघी त्या थाळीभोवती.

आम्ही हातानं जेवत होतो. भुका लागल्या होत्या. हळूहळू ढीग खाली गेला. उम्म राशिदनं एक घास उचलला आणि भातातून निळी शेपूट दिसली. तिचा हात थांबला. मग माझ्या बाजूनं पाठ दिसली. सिन्योरा जेवता जेवता थबकली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ती हसतही होती.

"आई म्हणायची," तिनं सांगितलं, "संपव. खाली पाखरू वाट बघतंय. मी खायला नको म्हणायचे ना, तेव्हा. म्हणून काढायची ती. आम्हा पोरांनी जेवावं म्हणून."

मी ते उम्म राशिदला माझ्या मोडक्या अरबीत सांगितलं. ती ऐकत राहिली. मग तिनं बोटानं, अगदी हलकेच, उरलेली भाताची शितं बाजूला केली. आधी चोचीवरची, मग डोळ्यावरची. पाखरू मान वळवून आम्हा तिघींकडे बघत होतं. उम्म राशिदनं ती शितं गोळा करून एक लहानसा घास केला, सिन्योराच्या तोंडाशी नेला आणि म्हणाली, "खा, मुली."

सिन्योरानं तोंड उघडलं.